हात कामात, चित्त थाऱ्यावर

परदेशी राहणाऱ्या माणसाचे चित्त थाऱ्यावर नसते, ही तक्रार जुनीच आहे. कतारमध्ये तिला घड्याळाचीही साथ मिळते. दोह्यात सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा साताऱ्यात नऊ वाजलेले असतात. डोळे नीट उघडायच्या आत घरच्या ग्रुपवर निरोपांची रांग लागलेली असते: आईची शुगर वाढली, जमिनीच्या मोजणीला माणूस आलाच नाही, भाचीला दहावीत किती टक्के पडले. माणूस उठतो, ड्युटीवर जातो, काम चोख करतो; पण अर्धा जीव तिकडे. वर्षातून एकदा सुट्टीवर गावी गेला, की चार दिवसांत परतीचे तिकीट, बॅगेचे वजन आणि कॉन्ट्रॅक्टचे नूतनीकरण डोक्यात फिरू लागते. इथे असताना तिथे आणि तिथे असताना इथे, अशी ही दुहेरी गैरहजेरी.

ही वही त्या गैरहजेरीवर एक साधा उपाय सुचवते. रोज वीसेक मिनिटे हाताने काहीतरी करा. रेघ ओढा, ठिपके जोडा, धावदोरा घाला, माती मळा; आणि तेवढा वेळ लक्ष त्या हातावरच ठेवा. चित्र चांगले यावे अशी अट नाही. ते कोणाला दाखवावे अशीही नाही. यातला पहिला भाग कलेचा आहे, दुसरा सजगतेचा. हे दोन एकत्र आणण्यामागे विचार काय, तो आला कुठून, त्याला आधार किती आणि त्याच्याकडून अपेक्षा किती ठेवावी, एवढे सांगणे हे या प्रस्तावनेचे काम.

आधी थोडे जागेविषयी. कतारची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आणि तीत भारतीय सात-आठ लाख; म्हणजे साधारण दर चौथा माणूस भारतीय. मराठी माणसे यात मल्याळी मंडळींच्या पासंगालाही पुरणार नाहीत, पण महाराष्ट्र मंडळ इथे आहे, गणपती बसतो, दिवाळीचा फराळ होतो. या मराठी माणसांची आयुष्ये एकसारखी नाहीत. रास लफ्फानच्या गॅस प्रकल्पातला अभियंता, इस्पितळातली परिचारिका, बँकेतला अधिकारी, इंडस्ट्रियल एरियात बंकबेडच्या खोलीत राहणारा वेल्डर, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, आपली पदवी कपाटात ठेवून दिलेली बाई. यांचे ताण वेगवेगळे आहेत. ठरावीक पगाराखाली कुटुंब आणता येत नाही, त्यामुळे कित्येकांनी मुलांचे वाढणे फोनच्या पडद्यावरच पाहिले आहे. कुटुंब सोबत असणाऱ्यांचेही उन्हाळ्यात वेगळे नसते. शाळांना सुट्टी लागली की बायको-मुले गावी जातात आणि घरात एकटा पुरुष आणि फ्रीजमध्ये डबे उरतात. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे, यावरून उन्हाची कल्पना यावी. इथला उन्हाळा हा चार भिंतींचा ऋतू आहे.

त्यात जगाच्या घडामोडी. २०२५च्या २३ जूनला अल उदैद तळावर इराणची क्षेपणास्त्रे आली, हवाई हद्द बंद झाली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला इस्रायलने दोह्यात हल्ला केला. अशा वेळी घरून फोन येतात आणि इकडचा माणूस ठरलेले वाक्य म्हणतो: ‘काळजी करू नका, इकडे सगळं मजेत.’ हे वाक्य आपण इतक्या वर्षांत इतके घोटले आहे, की ते खरे नसते तेव्हाही तितक्याच सहज निघते. मनातले बोलून टाकावे हा सल्ला बरोबरच आहे, पण ज्याला बोलायची सवय नाही त्याला तो पेलत नाही. हाताने करायच्या कामाचा पहिला फायदा इथेच आहे. त्याला शब्द लागत नाहीत.

आता सजगता. महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना शिबिरांचे केंद्र इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ साली सुरू झाले आणि तिथे जाऊन आलेला एखादा काका किंवा साहेब आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतो. येणारा-जाणारा श्वास पाहायचा, मन भरकटले की रागावल्याशिवाय परत आणायचे, जे आहे ते जसे आहे तसे पाहायचे, हा तिचा पाया. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी याच पायावर, धार्मिक चौकट बाजूला ठेवून, आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बेतला. त्यांच्याकडे येणारे बरेचसे रुग्ण दीर्घ दुखण्याने गांजलेले, औषधांनी पुरेसा आराम न पडलेले होते. दुखणे जाईलच असे आश्वासन त्यांना दिले नव्हते. दुखण्याशी चाललेली रोजची झटापट कमी होईल, एवढेच सांगितले होते. ज्या इमारतीच्या एकाच मजल्यावर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि कशातच नसलेले असे सगळे शेजारी राहतात, तिथे ही चौकटीबाहेरची सजगता सोयीची पडते. ती कोणाच्या पूजेच्या, नमाजाच्या वा प्रार्थनेच्या आड येत नाही.

पण डोळे मिटून बसणे सगळ्यांना जमत नाही, हेही खरे. काहींना झोप लागते, काहींच्या डोक्यात बाजार भरतो. ज्याने अपघात, मृत्यू किंवा मारहाण जवळून पाहिली आहे त्याला तर मिटलेल्या डोळ्यांपुढे नेमके तेच दिसू लागते आणि बसणे असह्य होते. अशांसाठी उघड्या डोळ्यांची, हाताला काम देणारी सजगता अधिक सौम्य. श्वासाच्या जागी पेन्सिलीचे टोक येते, एवढाच फरक.

कबात-झिन यांच्या अभ्यासक्रमातला एक प्रसिद्ध पाठ मनुक्याचा आहे. एक मनुका हातात घ्यायचा, आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा निरखायचा आणि मग सावकाश खायचा. या वहीत मनुक्याची जागा खजुराने घेतली आहे, आणि ते योग्यच झाले. खलास जातीचा एक खजूर बशीत घ्या. तपकिरी रंगाचा म्हणून आपण त्याची एका शब्दात बोळवण करतो. नीट पाहिले तर एका बाजूला तो मधासारखा पारदर्शक असतो, देठाकडे काळपट. साल काही ठिकाणी गराला घट्ट चिकटलेली असते आणि काही ठिकाणी सुटून, फुगून पापुद्र्यासारखी उभी राहिलेली. सुरकुत्या लांबीच्या दिशेने धावतात, पण मध्येच दोन एकमेकींत मिसळतात. आता पेन्सिल कागदावर टेकवा आणि कागदाकडे अजिबात न बघता, नजर खजुराच्या कडेवरून जितक्या सावकाश फिरेल तितक्याच सावकाश रेघ ओढा. चित्रकलेच्या वर्गांत ही रीत जुनी आहे. अमेरिकी कलाशिक्षक किमॉन निकोलाइडीस यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने ती जगभर नेली. कागदावर जे उमटते ते बहुधा खजुरापेक्षा बटाट्याच्या जवळचे असते. मात्र ती पाच मिनिटे माणूस दुसरीकडे कुठेही नसतो. नजर पुढे पळाली की रेघ चुकते आणि ती चुकल्याचे हाताला लगेच कळते. श्वास पाहताना मन केव्हा सटकले हे बराच वेळ उमगत नाही. रेघ ते लगेच दाखवून देते.

कलेचा उपयोग मन सावरायला होतो, हा विचारही बराच जुना आहे, पण त्याला आधुनिक नाव मिळाले ते एका रुग्णाकडून. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाने आजारी पडून आरोग्यधामात दाखल झाले. पडल्या पडल्या त्यांनी समोर दिसेल ते रेखाटायला घेतले, नंतर इतर रुग्णांनाही कागद-पेन्सिल दिली. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्यांनी १९४२ साली रूढ केला आणि १९४५ साली या अनुभवावर पुस्तक लिहिले. पुढे तो रीतसर व्यवसाय झाला. कलोपचार करणारा माणूस मानसशास्त्र शिकलेला असतो, रुग्णाच्या चित्राशी आणि रुग्णाशी कसे वागावे याचे प्रशिक्षण त्याने घेतलेले असते. ही वही तो उपचार नाही. घरच्या घरी करायचा हा सराव आहे आणि या दोहोंमधली रेषा वाचकाने पुसू नये.

सजगता आणि कलोपचार यांची सांगड घालणारा एक महत्त्वाचा प्रयोग फिलाडेल्फियातला आहे. कर्करोग झालेल्या १११ स्त्रियांना घेऊन डॅनिएल माँटी आणि सहकाऱ्यांनी आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखला: थोडे ध्यान, थोडे चित्र. निम्म्या स्त्रियांना तो लगेच मिळाला, बाकीच्या प्रतीक्षेत राहिल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कार्यक्रम केलेल्या स्त्रियांची मानसिक तगमग प्रतीक्षेतल्या स्त्रियांपेक्षा लक्षणीय कमी झाली. त्याच शहरातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी २०१६ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना मार्कर, माती आणि कोलाजचे सामान देऊन ४५ मिनिटे हवे ते करू दिले, आणि आधी व नंतर लाळेतल्या कॉर्टिसॉलची, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरकाची, पातळी मोजली. सुमारे ७५ टक्के लोकांत ती उतरली. आधी कलेचा सराव होता की नव्हता, याने फरक पडला नाही. हा अभ्यास लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता आणि काहींची पातळी वाढलीही. तेव्हा यावरून ‘चित्र काढा, ताण घालवा’ अशी पाटी रंगवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ साली कला आणि आरोग्य या विषयावरच्या ९००हून अधिक प्रकाशनांचा आढावा घेतला. कलेचा आरोग्याला हातभार लागतो, असा त्याचा एकूण सूर आहे. मात्र यातले सगळेच संशोधन सारख्या ताकदीचे नाही, हेही तो नोंदवतो. या वहीनेही तेवढेच मानले आहे. हातभार, त्याहून जास्त नाही.

सरावाने फरक पडत नाही, ही कैमल यांच्या अभ्यासातली बाब मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवी. आपल्यातल्या बहुतेकांचा चित्रकलेशी संबंध शाळेत तुटतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांनी महाराष्ट्राला अनेक चित्रकार दिले आणि असंख्य लोकांना ‘आपल्याला चित्रकला येत नाही’ हा कायमचा निकालही दिला. वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर मांडलेली ती कळशी, तो पेला, मागे सोडलेला पडदा. दोन बाजू सारख्या येत नाहीत म्हणून खोडरबराने फाटलेला कागद. आणि मागून येणारा सरांचा सुस्कारा. चाळिशीतल्या माणसाच्या हातात आज खडू दिला तरी तो आधी हसतो आणि मग म्हणतो, ‘छे, माझं ड्रॉइंग पहिल्यापासून कच्चं.’ या वहीला पहिला सामना करायचा आहे तो या वाक्याशी. चित्राला गुण देणारा मनातला परीक्षक आणि दिवसभर आपल्या प्रत्येक वागण्याला गुण देणारा परीक्षक, हा एकच माणूस आहे. कागदावर त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकले तर बाहेरही त्याचा आवाज थोडा खाली येतो. माझ्या मते या साऱ्या उद्योगातला सर्वांत मोठा लाभ हाच.

मग कोरा कागद द्यावा आणि मुक्त सोडावे का? तर तसेही नाही. २००५ साली करी आणि कॅसर या संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम थोडे अस्वस्थ केले आणि मग तीन गटांत वाटले. एका गटाने छापील मंडल रंगवले, दुसऱ्याने चौकड्यांची नक्षी, तिसऱ्याला कोरा कागद मिळाला. पहिल्या दोन गटांची अस्वस्थता उतरली, तिसऱ्याची तशी उतरली नाही. अस्वस्थ माणसाला कोरा कागद हा आणखी एक प्रश्न वाटतो. त्याला चौकट लागते. आत फिरायला मोकळीक देणारी, पण कुठे जायचे ते सांगणारी.

अशी चौकट आपल्या उंबऱ्यावर पूर्वापार आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके मोजते, अकरा ते अकरा किंवा पंधरा ते आठ. एकदा ठिपके पडले की निम्मे काम झालेले असते. पुढचे हात करतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून शिरगोळ्याची पूड किती सुटते यावर रेघेची जाडी ठरते. हात थबकला की ढीग पडतो, घाई केली की रेघ तुटते. सकाळच्या धबडग्यात, चुलीवर दूध असताना, सासूची हाक कानावर असताना या बायकांना जी दहा मिनिटे स्वतःची मिळत, त्या वेळाला त्यांनी ध्यान म्हटले नाही. म्हणायची गरजही पडली नाही. दोह्याच्या फ्लॅटला अंगण नाही, दाराबाहेरचा कॉरिडॉर सगळ्या मजल्याचा, आणि सफाई कामगाराची फेरी सकाळीच होते. म्हणून या वहीत काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या पेन्सिलीने किंवा खडूने ठिपके मांडायला सांगितले आहे. ज्यांना घरात पूड सांडलेली चालते त्यांनी ताटात रांगोळी काढावी आणि झाल्यावर ताट हलवून पुसून टाकावी. पुसणे हाही पाठाचाच भाग आहे. जतन करायचे नाही असे ठरले की चांगले-वाईट ठरवण्याची निकडही उरत नाही.

ठिपक्यांवर उभी राहणारी दुसरी एक कला कतारमध्ये पावलोपावली दिसते, ती अरबी सुलेखनाची. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुकला यांनी अक्षरांची मापे बोरूने उमटणाऱ्या ठिपक्यांवर बांधून दिली, असे परंपरा मानते. तिरके कापलेले बोरूचे टोक कागदावर टेकवून किंचित ओढले की शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका उमटतो. असे अमुक ठिपके एकावर एक म्हणजे अलिफची उंची, अमुक ठिपके म्हणजे दुसऱ्या अक्षराचे पोट. लांब रेघ एका दमात ओढायची असते, म्हणून लिहिणारा आधी श्वास सांभाळतो. शिकाऊ माणूस महिनोन्‌महिने एकेक अक्षरच गिरवतो. या वहीत अलिफ आणि ‘अ’ समोरासमोरच्या पानांवर आहेत. दोह्याच्या शाळेत अरबी शिकणारे मराठी मूल आणि देवनागरीत वाढलेली त्याची आई या दोन पानांवर एकत्र बसू शकतात. त्या वेळापुरती आई विद्यार्थी होते आणि मूल शिक्षक, हाही एक फायदाच.

सुलेखनाचा विषय निघाला की पंढरपूरचे नाव येणे भाग आहे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा. लहानपणी बडोद्याच्या मदरशात ते सुलेखन शिकले, मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरले. त्यांच्या चित्रांवरून देशात उठलेला वाद, दाखल झालेले खटले आणि २००६ साली त्यांनी देश सोडणे हे सर्वांना माहीत आहे. त्यावर दोन टोकांची मते आहेत आणि ती इथे चर्चेला घेण्याचे कारण नाही. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी कतारच्या राजघराण्यातल्या शेखा मोझा यांच्यासाठी अरब संस्कृतीवरची चित्रमालिका हाती घेतली. बेत ९९ चित्रांचा होता; तिशीच्या पुढे काही चित्रे पुरी झाली. एज्युकेशन सिटीत त्यांच्या नावाचे ‘लौह व कलम’ हे संग्रहालय २०२५च्या नोव्हेंबरअखेर उघडले. इमारतीची कल्पना हुसेन यांच्याच रेखाटनावरून घेतलेली आहे.

या वहीच्या वाचकाने तिथे जावे ते एका वेगळ्या कारणासाठी. हुसेन अगदी तान्हे असताना त्यांची आई गेली. तिचे छायाचित्र मागे राहिले नाही. आईचा चेहरा आपल्याला आठवत नाही, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले. त्यांच्या चित्रांत चेहरा नसलेल्या स्त्रिया पुन्हा पुन्हा येतात. मदर तेरेसांच्या प्रसिद्ध मालिकेतही पांढऱ्या साडीच्या निळ्या काठाआड चेहऱ्याची जागा रिकामी आहे. चित्रे काढून ते दुःख बरे झाले असे म्हणता येणार नाही. बरे झाले असते तर ती जागा कधीतरी भरली असती. पण रिकामी जागा रिकामीच ठेवून तिच्याभोवती साठ-सत्तर वर्षे काम करत राहता येते, एवढे त्या चित्रांतून दिसते. भावनिक स्वास्थ्य म्हणजे दुःखाचा निचरा, अशी आपली समजूत असते. अनेकदा ते दुःखाला बसायला जागा करून देणे असते.

दोह्याच्या इस्लामी कला संग्रहालयातही अशी एक वस्तू आहे, तळहातात मावेल एवढी. पांढऱ्या जेडचा हा ताईत शाहजहानसाठी हिजरी १०४१मध्ये, म्हणजे इसवी सन १६३१-३२ साली घडवला. मुमताज महल बुऱ्हाणपूरला, आपल्या जळगावच्या पलीकडे, १६३१च्या जूनमध्ये बाळंतपणात गेली होती. छातीची धडधड आणि मनाची व्याकुळता शमावी म्हणून असे जेड हृदयावर लटकवत असत. हिंदुस्थानच्या बादशहाजवळ तेव्हा काय नव्हते? तरी शोक आवरायला त्याला कारागिराने कोरलेला, छातीवर गार लागणारा एक दगड लागला. या वहीतला एक पाठ त्या ताइतावरून सुचलेला आहे: मूठभर मातीचा गोळा घेऊन, ज्या माणसाची आठवण छळते त्याचा विचार मनात ठेवून, हातात बसेल असा आकार घडवायचा. चेहरा नाही, नाव नाही, नुसता आकार.

कतारने पाहण्याच्या कलेवर अफाट पैसा खर्च केला आहे. झेक्रीतजवळच्या ब्रूक अभयारण्यात रिचर्ड सेरा यांनी २०१४ साली उभ्या केलेल्या चार पोलादी पट्ट्या एक किलोमीटरहून लांब रेषेत आहेत. जमीन वरखाली आहे, म्हणून पट्ट्यांची उंची १४.७ आणि १६.७ मीटर अशी वेगळी ठेवली. माथे मात्र एका पातळीत येतात. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी तिथे जाऊन एका पट्टीशी उभे राहावे, बाकीच्या तीन नुसत्या पाहाव्यात आणि फोटो सगळ्यात शेवटी काढावा, असा एक पाठ वहीत आहे. सिद्रा इस्पितळाच्या दाराशी डेमियन हर्स्ट यांची १४ काशाची शिल्पे आहेत. गर्भधारणेपासून जन्मापर्यंतचा प्रवास दाखवणारी. इस्पितळ आणि कला यांचे नाते या देशाला पटलेले आहे, हे त्यावरून कळते. मात्र पाहणे आणि करणे यांत फरक आहे. जगातली नामांकित शिल्पे दाराशी असूनही माणसाचा स्वतःचा हात मोबाइलवर अंगठा फिरवण्यापलीकडे काही करत नसेल, तर ती श्रीमंती त्याच्या कामाची नाही. ही वही त्या हातासाठी आहे.

आता मर्यादा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, भूक गेली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, छातीत धडधडून श्वास अडकत असेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर ही वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरला गाठा. कतारमध्ये मानसिक आरोग्यासाठी १६००० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. गावाकडच्या माणसाविषयी काळजी असेल तर भारतात १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस सेवा मिळते. औषधे चालू असतील तर ती रांगोळीच्या भरवशावर बंद करू नयेत. पगार थकला असेल, पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवला असेल, कामाच्या ठिकाणी छळ होत असेल, तर तिथे श्वास पाहून भागत नाही. तिथे तक्रार करावी लागते. अन्याय शांतपणे सोसायला शिकवणारी सजगता आम्हाला नको आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईच्या हातात कोणी हीच वही ठेवून तिला गप्प बसवू लागले, तर वहीचा तो सरळ दुरुपयोग ठरेल.

वापराविषयी दोन शब्द. पाठ सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत, पण क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. गोधडीचा पाठ मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्याला वेळ लागतो आणि जुनी साडी लागते. ज्यांच्या बॅगेत आईची एखादी साडी आहे त्यांनी ती कापायच्या आधी दोन दिवस विचार करावा. साहित्यासाठी खर्च करू नये. पेन्सिल, खडू, काळा कागद, सुईदोरा एवढे पुरते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. एकच खोली असेल तर उशीखाली. पानावर तारीख घालावी, गुण देऊ नयेत. चित्र स्टेटसला लावू नये, निदान पहिला महिना. लाइक मोजायला लागलो की शाळेतला तो सुस्कारा नव्या रूपात मागे येऊन उभा राहतो.

एखाद्या दिवशी काहीच वाटणार नाही. एखाद्या दिवशी रेघ ओढता ओढता रडू येईल. येऊ द्यावे, आणि फार झाले तर थांबून कोणाला तरी फोन करावा. त्या फोनवर तरी ‘सगळं मजेत’ म्हणू नये.

वाचकाला शेवटी एकच विनंती. ही वही तुम्ही स्वतःसाठी घेतली असेल तर आणखी एक प्रत घ्या आणि ओळखीतल्या, रूमवर एकट्या राहणाऱ्या माणसाला नेऊन द्या. नुसती देऊन परतू नका. पहिला पाठ त्याच्यासोबत बसून करा.